दुबईचा डावा डोळा

माझ्या गाडीचा डावा हेडलाइट फुटला त्याला आमच्या सोसायटीची सौंदर्यदृष्टी जबाबदार आहे. भाईंदरच्या जेसल पार्कातल्या आमच्या इमारतीत इतकी वर्षं कुणाला सौंदर्याचा काही त्रास नव्हता. मग नवी कमिटी आली आणि तिने पार्किंगच्या तोंडाशी सिमेंटची कुंडी आणून ठेवली. कुंडी एवढी की हत्तीच्या पिल्लाने आंघोळ करावी, आणि आत मरतुकडी शेवंती. मी गाडी पुढे घेतली, वळवली, आणि असा आवाज झाला की तीन मजल्यांवरच्या बायका गॅलरीत आल्या.

"कुंडी कुणी हलवली?" मी खिडकीतून डोकं काढून ओरडले. अशा वेळी आपण आधी ओरडायचं असतं.

शेजारच्या सीटवर बसलेले आमचे हे शांतपणे म्हणाले, "ती सिमेंटची आहे."

ह्यांचं हे असं. लग्नाला पन्नास वर्षं होत आली, पण बाजू घ्यायची म्हणून नाही. उतरून पाहिलं तर शेवंतीचं पानही हललं नव्हतं. माझ्या गाडीचा डावा दिवा मात्र फोडलेल्या अंड्यासारखा पुढे सांडला होता आणि त्याच्या खोबणीत वायरी लोंबत होत्या. बाईचा डावा डोळा लवला तर शुभ म्हणतात. फुटला तर काय, ते कुणी सांगून ठेवलेलं नाही.

संध्याकाळी लेक आला. तो मीरा रोडला राहतो, पण अशा बातम्या त्याला माझ्याआधी कळतात. त्याने गाडीभोवती एक फेरी मारली, खोबणीत बोट घातलं आणि डॉक्टर नातेवाइकांशी बोलतात त्या आवाजात म्हणाला, "आई, आता पुरे. भंगारात देऊन टाकू."

"एका दिव्यासाठी?"

"एक दिवा काय! मंगळवारी तपासणी आहे तिची, आठवतंय ना?"

आठवत होतं. गाडी जुनी झाली की नोंदणी वाढवून घेण्यासाठी ती आरटीओला दाखवावी लागते. दिवे, ब्रेक, हॉर्न, सगळं बघतात. पास झाली तर आणखी पाच वर्षं रस्त्यावर.

"तू रिक्षाने फिर ना. हल्ली दारात येते."

"रिक्षात मी जात नाही, मला नेतात," मी म्हणाले.

तो हसला नाही. त्याची स्वतःची गाडी म्हणजे नव्या पद्धतीची, पांढऱ्याफटक दिव्यांची. समोरून आली की ऑपरेशन थिएटरच चालत येतंय असं वाटतं. शेवटी त्याने सौदा मांडला. "एकच संधी. मंगळवारी पास झाली तर मी पाच वर्षं तोंड उघडणार नाही. नाही झाली तर चावी माझ्याकडे."

"दिली," मी म्हणाले. जीभ ही माझी पहिल्यापासून गाडीपेक्षा वेगवान.

आता ह्या गाडीत माझं काय अडकलं होतं ते सांगते, नाहीतर वाचणाऱ्याला वाटेल म्हातारी पत्र्यासाठी जीव टाकते. दर शुक्रवारी आम्ही दोघं पालीला मासळी आणायला जातो. पाली म्हणजे उत्तनजवळचं कोळीवाड्याचं गाव. मासळी काय, आमच्या स्टेशनबाहेरही मिळते. पण ह्यांचे गुडघे गेल्यापासून हे घरात बसतात ते गप्पच. पेपर वाचतात, चहा पितात, हं म्हणतात. आणि गाडीत बसवलं की बोलायला लागतात. वाटेतलं मोर्वा गाव मागे पडलं की ह्यांच्या ऑफिसातल्या गोष्टी सुरू होतात, पुढच्या डोंगरी गावापर्यंत साहेबांच्या नकला होतात, आणि समुद्र दिसला की चक्क गुणगुणतात. मला आठवड्याचा नवरा शुक्रवारी मिळतो. तो रिक्षात मिळत नाही, मी बघितलंय. रिक्षात हे दांडी धरून बसतात आणि हं म्हणतात.

तर मला मंगळवारच्या आत डावा हेडलाइट हवा होता.

हेडलाइट या विषयात मी स्वतःला घरातली अधिकारी व्यक्ती समजते. माझे वडील टॅक्सी चालवायचे. रत्नागिरीहून मुंबईत आले ते एका शेटजींच्या गाडीवर क्लीनर म्हणून. त्या गाडीला म्हणे कार्बाइडचे दिवे होते. डब्यात कार्बाइडचे खडे, वरून थेंब थेंब पाणी, त्यातून निघालेला गॅस नळीने दिव्यात, आणि मग काडी ओढून दिवा पेटवायचा. वास असा की शेटजी नाकाला रुमाल लावून लग्नाला जायचे. वारा आला की दिवा विझायचा आणि वडील काडेपेटी घेऊन उतरायचे. पुढे बल्बचे दिवे आले. वडिलांच्या टॅक्सीचे दिवे गोल, भाकरीएवढे, जाड काचेचे. त्या काळी गाडी कुठलीही असो, टॅक्सी, जीप किंवा ट्रक, दिवा बहुतेक तोच गोल. एखाद्याचा फुटला तर शेजारचा टॅक्सीवाला आपला जुना काढून द्यायचा. वाटीभर साखर मागावी तसे हेडलाइट मागायचे लोक.

एकाहत्तरच्या युद्धात मुंबईत ब्लॅकआउट झाला तेव्हा हुकूम आला, हेडलाइटचा वरचा अर्धा भाग काळा करा. वडिलांनी काळ्या रंगाचा डबा आणला आणि ब्रश माझ्या हातात दिला, कारण माझी चित्रकला चांगली होती. मी ऐन तारुण्यात होते. डोळ्यांच्या कोपऱ्यातून कानापर्यंत काजळाची शेपटी ओढायची फॅशन होती आणि घरात मला ती ओढू देत नसत. मग काय, मी टॅक्सीला ओढली! वरची पापणी काळी, कोपऱ्यात लांब शेपटी, आणि वर तीन-तीन केस. देशावर हल्ला होतोय आणि ही बया टॅक्सीचा मेकअप करतेय. वडील बघतच राहिले. रंग वाळला होता, खरवडायला वेळ नव्हता, धंद्याची वेळ झालेली. युद्ध संपेपर्यंत ती टॅक्सी गिरगावात डोळे मारत फिरली. वडील म्हणायचे, गिऱ्हाइकं वाढली. मी ते अनेक वर्षं कौतुक समजत होते.

एवढ्यावर शहाणी झाले असते तर बरं. लग्नानंतर आम्ही मुंबईतून भाईंदरला आलो आणि हप्त्याने एक जुनी गाडी घेतली. दिवे तेच, गोल. उत्तनच्या रस्त्याला तेव्हा वर्दळ नव्हती, तिथे मी गाडी शिकले, म्हणजे दिवसा शिकले. पहिल्यांदा अंधार पडल्यावर चालवली ती मे महिन्यात, रत्नागिरीला जाताना. पेणच्या पुढे दिवेलागण झाली. मी दिवे लावले तशी मीटरजवळ एक छोटीशी निळी टिकली उजळली. फार गोड दिसत होती. मला वाटलं, गाडीचं सगळं ठीक चाललंय म्हणून ती निळी झाली. मी ती निळीच ठेवली.

आणि मग चमत्कार सुरू झाला. समोरून येणारा प्रत्येक ट्रक मला दिवे मिचकावून दाखवायला लागला. एसटीसुद्धा! तेव्हा बाई गाडी चालवताना क्वचितच दिसायची. मी ह्यांना म्हणाले, "बघितलंत? हायवेवरचे लोक किती मान देतात बाईला." ह्यांनाही पटलं. तेव्हा यांना माझं पटायचं. मग मी प्रत्येकाला स्टिअरिंगवरचा एक हात उचलून नमस्कार करत गेले, कुणी जास्तच मिचकावले तर मान लववून. पदर सावरलेला, ओठांवर हसू, लाल किल्ल्यावरून निघाल्यासारखी. नागोठण्याला चहाला थांबलो तेव्हा समोरून एक ट्रक येऊन थांबला. ड्रायव्हर डोळे चोळत उतरला आणि ह्यांना म्हणाला, "साहेब, बाईंना सांगा ती लाइट खाली घ्यायला. आणि हात काय दाखवतात? माझ्या मागच्याने हात बघितला आणि गटारात गेला असता की."

ती निळी टिकली म्हणजे वरचा झोत चालू असल्याची खूण. समोरच्याचे डोळे दिपवणारा. मी पेणपासून नागोठण्यापर्यंत माणसं आंधळी करत, नमस्कार करत आले होते. ह्यांनी त्या दिवसापासून माझ्यावरचा विश्वास बदलून कुंडीवर ठेवला असावा.

असो. सांगत होते ती हेडलाइटची गोष्ट. पुढे गोल दिवे गेले. प्रत्येक कंपनीने आपापल्या गाडीला वेगळा चेहरा काढला, कुणाचे डोळे बदामी, कुणाचे पिंजारलेल्या मांजरीसारखे. जाड काच जाऊन प्लॅस्टिक आलं, ते उन्हाने पिवळं पडायला लागलं. आणि साखर मागण्याचे दिवस संपले. ज्या गाडीचा दिवा तिलाच बसणार. माझ्या गाडीचं मॉडेल तर केव्हाच बंद झालंय. शोरूममध्ये गेले तर एक टाय लावलेला मुलगा कॉम्प्युटरमध्ये बघून म्हणाला, "आजी, हा पार्ट आता येत नाही." आजी हा शब्द त्याने पार्टच्या सुरात उच्चारला.

राहिला जुना माल. कुणीतरी सांगितलं, मीरा रोडच्या नया नगरात एक दुकान आहे, तिथे मोडीत काढलेल्या गाड्यांचे सुटे भाग मिळतात. गेलो. गल्लीत गाडी कशी शिरवली ते ह्यांना विचारा, हे डोळे मिटून होते. दुकान म्हणजे एक लांबट खोली आणि भिंतीभर नुसते हेडलाइट टांगलेले. शेकडो डोळे तुमच्याकडे बघतायत आणि एकही मिटत नाही. मला एकदम लग्नाच्या पंगतीत उशिरा पोचल्यासारखं झालं.

दुकानदार पांढऱ्या दाढीचा, माझ्याच वयाच्या आसपासचा. तरी मला म्हणाला, "आइए आंटी, बैठिए." मी माफ केलं. गाडीकडे एक नजर टाकून त्याने आतून दोन दिवे आणले आणि काउंटरवर ठेवले. दोन्ही डावेच. एक पिवळा पडलेला, कोपऱ्यात चरा, जुन्या दातासारखा. दुसरा स्वच्छ, लखलखीत, आत बघितलं तर आपला चेहरा चार ठिकाणी दिसावा.

"ये लोकल है," पिवळ्यावर बोट ठेवून तो म्हणाला. "और ये दुबई का माल."

झालं. दुबईचा माल! माझ्या पिढीच्या मुंबईकर बाईला हे दोन शब्द ऐकवून बघा. आमच्या तरुणपणी फॉरेनच्या वस्तूला काय मान होता! माझ्याकडे फॉरेनच्या साबणाचा रिकामा खोका होता, तो मी कपाटात साड्यांमध्ये ठेवायचे, वास जाईपर्यंत आणि गेल्यावरही. अत्तराची रिकामी बाटली शोकेसमध्ये, पाहुण्यांना दिसेल अशी. एक चॉकलेटचा डबा होता, त्यात मी सुया-दोरे ठेवत होते, पण शिवायला बसले की डबा मुद्दाम गॅलरीतच उघडायचा. त्या बाईला आता अख्खा हेडलाइट मिळत होता. दुबईचा.

"हा द्या," मी म्हणाले.

दुकानदाराने दाढी खाजवली. "आंटी, फिटिंग सेम है. लेकिन उधर गाडी रस्ते के राइट में चलती है, इधर लेफ्ट में. देख लो."

"त्याने काय होतं? गाडी कुठल्या बाजूला चाललीय ते दिव्याला काय कळतंय?"

"वो भी है," तो म्हणाला. त्यालाही नक्की ठाऊक नसावं, किंवा माझ्याशी वाद घालण्यात अर्थ नाही हे त्याने पहिल्या पाच मिनिटांत ओळखलं असावं.

हे म्हणाले, "पिवळा बरा वाटतोय मला."

"तुम्हाला पिवळं सगळंच बरं वाटतं. वरण खाऊन खाऊन झालंय तसं."

दुकानातल्या फिटरने तिथेच दिवा बसवून दिला. लावून बघितला, लागला. उजवा जुना दिवा त्याच्या शेजारी अगदीच मोतीबिंदू झालेला दिसत होता. मी मोबाइलवर फोटो काढून लेकाला पाठवला आणि खाली लिहिलं, "इंपोर्टेड." त्याने उत्तरात नुसता अंगठा पाठवला. मला तो अंगठा जरा खवचट वाटला.

दुसऱ्याच दिवशी शुक्रवार. दुपार कलताना पालीला गेलो. माझी नेहमीची कोळीण घराच्या पडवीत पाट्या मांडून बसते. आमची ओळख वीसेक वर्षांची, म्हणजे वीसेक वर्षं आम्ही एकमेकींना फसवत आलोय. तिने बोंबील निवडता निवडता गाडीकडे बघितलं.

"काय गो बाय, गारीला नवा डोला बसवलास?"

"दुबईचा आहे."

"अगो माजो पोरगो पन दुबयलाच हाय, बोटीवर. त्याची गारी मागल्या अंगणात परलीय. तुज्या गारीची सख्खी भैनच. तिच्यात कोंबऱ्या बसतात."

"विकून टाक की."

"न्हाय गो. पोरगो येल तवा बगल."

मी बोंबील घेतले, वरचे दोन तिच्याकडून हिसकावून घेतले, आणि परत निघालो. समुद्रावर जरा थांबल्यामुळे निघताना तिन्हीसांज झाली. हे खुशीत होते, साहेबांची नक्कल चालू होती. मी दिवे लावले.

पहिल्या वळणावर समोरून आलेल्या रिक्षाने दिवे मिचकावले. पुढे एका मोटारसायकलने. मग टेम्पोने, दोनदा. ह्यांनी नक्कल थांबवली.

"पुन्हा मान द्यायला लागले का गं?"

मी मीटरकडे पाहिलं. निळी टिकली नव्हती. नक्की नव्हती, मी चष्मा पुसून बघितलं. झोत खालीच होता. तरी माणसं मिचकावत होती. एक स्कूटरवाली मुलगी तर थांबलीच. डोळ्यांवर हात धरून म्हणाली, "आजी, डिम करा ना! काही दिसत नाहीये."

"अगं डिमच आहे!"

"मग हे काय आहे?" असं म्हणून ती गेली. मी अजून नागोठण्याची ती तरुण बाई असते तर तिला हात हलवून दाखवला असता. पण एकदा माणसं आंधळी करून झालेली आहेत, त्यामुळे मला ते ओळखता येतं. मी गाडी हळू घेतली, मिणमिणत्या पार्किंग लाइटवर, मागच्यांचे हॉर्न खात घरी आणली. हे सबंध रस्ताभर बोलले नाहीत. नुसते हं सुद्धा नाही.

घरी पोचल्यावर मी गाडी कंपाउंडच्या भिंतीसमोर उभी केली आणि दिवे लावून खाली उतरले. भिंतीवर सगळं लख्ख लिहिलेलं होतं. उजव्या, जुन्या दिव्याचा उजेड भिंतीवर सरळ पडून डावीकडे जरासा वर चढत होता, फुटपाथच्या बाजूला. म्हणजे आपल्याकडच्या रस्त्याला पाहिजे तसा. कडेचा माणूस, खड्डा दिसावा आणि समोरून येणाऱ्याच्या डोळ्यांत जाऊ नये. आणि दुबईच्या दिव्याचा उजेड वर चढत होता तो उजवीकडे. तिकडच्या रस्त्याची कडा उजवीकडे असते ना! बिचारा आपलं काम चोख करत होता, फक्त देश चुकला होता. भिंतीवर दोन तिरक्या भुवया उमटल्या होत्या, एकमेकींना छेद देणाऱ्या. गाडी चकणी झाली होती.

दिव्याला कळत होतं. मलाच कळलं नव्हतं.

मी दुकानदाराला फोन लावला. तो बिचारा सरळ. "ले आओ आंटी, बदल देते हैं. लेकिन वो पीला वाला तो सुबह ही बिक गया."

पिवळा दात विकला गेला. शनिवार उजाडला. मला ब्लॅकआउट आठवला. मी काळी चिकटपट्टी आणली आणि दुबईच्या काचेवर, जिथून उजेड वर चढत होता तिथे चिकटवली. ह्या वेळी शेपटी नाही ओढली, वय झालं. भिंतीवरची वेडी भुवई बरीच खाली आली. पण तपासणीत दिव्यांसमोर पेटीसारखं एक यंत्र आणून उजेड मोजतात, तिथे पट्टी लावलेली गाडी नेली तर अधिकारी आधी पट्टी काढायला सांगणार. तेवढ्यात लेक आला. त्याने पट्टी बघितली, भिंत बघितली.

"इंपोर्टेड," तो म्हणाला. एवढंच. माझाच मुलगा आहे.

मग चावी अडकवायच्या खिळ्याकडे त्याने एक नजर टाकली. त्या नजरेने मला जाग आली. पालीच्या मागल्या अंगणात माझ्या गाडीची सख्खी बहीण उभी होती!

रविवारी सकाळीच निघालो. कोळिणीला वाटलं, बोंबील खराब निघाले म्हणून भांडायला आले. मी कारण सांगितलं तशी ती हसत सुटली. मग आम्हाला मागे घेऊन गेली. जाळ्यांच्या ढिगाऱ्यापलीकडे गाडी उभी होती, मिठाच्या वाऱ्याने रंग उडालेला, टायर जमिनीला टेकलेले. डावा दिवा शाबूत होता. पिवळा, धुरकट, खाऱ्या हवेने पोखरल्यासारखा, पण एकही तडा नाही. मला इतकी सुंदर वस्तू बऱ्याच दिवसांत दिसली नव्हती.

"ने की," ती म्हणाली. "पन आता न्हाय."

"का?"

तिने वर राहिलेल्या बॉनेटच्या फटीतून आत दाखवलं. बॅटरीच्या रिकाम्या जागी, बरोबर डाव्या दिव्याच्या मागे, एक लाल कोंबडी अंडी उबवत बसली होती. तिने आमच्याकडे एका डोळ्याने बघितलं.

"उठवली तर अंडी जातील. पिल्लां भायेर येतील मंग ने."

"कधी येतील?"

"येतील दहाएक दिसांनी."

आणि माझी तपासणी मंगळवारी. मी त्या कोंबडीकडे बघितलं, कोंबडीने माझ्याकडे. दोघींनाही आपली जागा सोडायची नव्हती. मी काकुळतीला येऊन सगळं सांगून टाकलं. लेकाचा सौदा, चावी, शुक्रवार. आमचे हे जाळ्यांवर बसले होते. ते अचानक म्हणाले, "बाई, चावी गेली तर मी पण घरात बसेन, ह्या कोंबडीसारखा. आणि माझ्याखाली अंडीही नाहीत."

कोळीण एवढी हसली की तिला डोळे पुसावे लागले. मग कमरेला पदर खोचून म्हणाली, "संध्याकाली बगू. अंधारला की कोंबरीला दिसत न्हाय, गप ऱ्हाते."

दिवसभर आम्ही तिच्याकडेच काढला. सुकट साफ केली, जेवलो, हे झोपले. उजेड गेला तसं तिने एका टोपलीत भुसा घातला, हात हळूच आत घालून आधी अंडी काढली, मग कोंबडीला जुन्या लुगड्यात गुंडाळून उचलून वर ठेवली. कोंबडी कुरकुरली, पण बसली. मी मोबाइलचा उजेड धरला आणि तिच्या भाच्याने दिवा सोडवला. तिथे मोठं भोक पडलं.

"आता मुंगूस घुसल की," कोळीण म्हणाली. "कोंबरी सकाली परत तितंच जाणार."

मी माझ्या गाडीकडे बघितलं. मग पट्टी सोलून काढली आणि भाच्याकरवी दुबईचा डोळा उतरवून त्या भोकात बसवून टाकला. तिथे तो कुणाच्या डोळ्यांत जाणार नव्हता. कोळीण मागे सरून बघत राहिली.

"माज्या पोराकरचा माल," ती म्हणाली. "त्याला फोटो पाठव गो बाय."

रात्री एका डोळ्यानेच हळूहळू घरी आलो, आणि सोमवारी ह्यांनी तो पिवळा दिवा मांडीवर घेतला. टूथपेस्ट, जुनी बनियन आणि पाणी. हे घासत होते आणि बोलत होते. घरात! साहेबांची बदली, कँटीनमधला गोंधळ, सगळं. संध्याकाळी प्लॅस्टिक इतकं निवळलं की आतला बल्ब दिसायला लागला. नया नगरच्या फिटरने तो बसवून दिला आणि भिंतीवर दोन्ही भुवया एकाच बाजूला चढल्या.

मंगळवारी लेक मुद्दाम रजा काढून आला होता. अधिकाऱ्याने ती पेटी आधी उजव्या दिव्यासमोर नेली, मग डाव्यासमोर. तिथे जरा जास्त वेळ थांबला. वाकला. मी ह्यांचा हात धरला, हे म्हणाले, "घाम तुझा आहे की माझा?" अधिकारी सरळ झाला आणि पुढे ब्रेककडे गेला. ब्रेक, हॉर्न, वायपर. पास.

लेकाने अधिकाऱ्याकडून चावी घेऊन माझ्या तळहातावर ठेवली. "कोंबडीला पेढे दे," म्हणाला. पाच वर्षं गप्प बसायची त्याची सुरुवात अशी झाली.

शुक्रवारी पालीहून परत येताना तिन्हीसांज झाली होती. मी दिवे लावले. हे ऑफिसच्या पिकनिकमध्ये रंगले होते. मोर्व्याच्या अलीकडे समोरून एक रिक्षा आली आणि तिने दिवे मिचकावले.

हे थांबले. "आता काय?"

मी मीटरकडे पाहिलं. निळी टिकली नाही. पुढच्या भिंतीवर उजेड पाहिला, डावीकडेच चढत होता, शहाण्यासारखा. मग मी पदर सावरला, स्टिअरिंगवरचा एक हात उचलला आणि मान लववून नमस्कार केला.

"मान देतात," मी म्हणाले. "तुम्ही पिकनिकचं सांगा."